खांबाप्पापाशी अडलेला मुराळी

अण्णा, मुराळ्यानं असं यायचं असतं व्हय रं? असं, तोंडातून एक अक्षर न काढता?

किती बोलणी साठवून ठेवली होती मी तुझ्यासाठी. सारवताना मनात घोळवायची, जात्यावर बसले की पुन्हा घोळवायची. अण्णा आला की आधी हे ऐकवायचं, मग ते, आणि तो मान खाली घालून बसला की मगच गुळाचा खडा पुढं करायचा. सगळी बोलणी तशीच राहिली. तू जाऊन अजून तेरा दिवस झाले नाहीत आणि माझा राग काही जात नाही. रडू येतं, डोळे पुसते, की परत राग. शेवटी म्हटलं, लिहून तरी भांडावं. आत्याशी वाद घालून मला चौथीपर्यंत शाळेत घातलंस ते तूच, तेव्हा आता सोस. लिहिताना मी मास्तरांच्या छडीच्या धाकानं शुद्ध लिहिते. बोलताना कशी बोलते ते तुला ठाऊकच आहे.

तुला ठाऊक असलेलंच पुन्हा सांगते, कारण तू विसरलास असंच मी धरून चालले होते. आपल्याकडं माहेरवाशीण पंचमीला आपल्या पायानं माहेरी जात नाही. भाऊ न्यायला येतो. तो मुराळी. त्याच्या पायावर पाणी घालायचं, हातावर गूळ ठेवायचा, आणि मग त्याच्यामागून निघायचं. भाऊ आला नाही तर सासरी पोरीचं तोंड एवढंसं होतं. शेजारणी विचारत नाहीत, नुसत्या बघतात, आणि ते बघणं विचारण्यापेक्षा वाईट.

पूल नव्हता तेव्हा हिरण्यकेशीपलीकडं दिलेल्या पोरींना पंचमी नव्हतीच. श्रावणात नदी दोन्ही काठांवर चढलेली. मुराळी ह्या काठाला, पोर त्या काठाला, आणि मधे ते लाल पाणी. त्या बायका पाण्याला येऊन नुसत्या उभ्या राहायच्या, असं आत्या सांगायची. मग कंपनी आली. पाण्यात विहिरी उतरवल्या, त्यांवर दगडी खांब चढवले, बेळगावच्या स्टेशनातून बैलगाड्यांवर लोखंड आलं. तिरक्या पट्ट्या एकमेकींत अडकवून कैच्या उभ्या राहिल्या, म्हणून कैचीचा पूल. तू तेव्हा मिसरूड फुटलेला. भात्यावरचा माणूस लालभडक रिबीट चिमट्यानं वर फेकायचा आणि तू वर कैचीवर बसून पत्र्याच्या डब्यात झेलायचास. आत्या खालून ओरडायची, "मरशील रं भरम्या!" आणि तू मुद्दाम एक हात सोडून हसायचास. मनगटावरचा तो भाजल्याचा डाग तुला केवढा मिरवायचा असायचा. लग्नाच्या बोलणीत मुलीकडच्यांना सोनं दाखवावं तसा दाखवलास.

आणि खांबाप्पा! त्याचं नाव काढलं की अजून हसू येतं, अशा दिवसांतही. लोखंड गंजू नये म्हणून कंपनीनं त्याला आधी शेंदराचा हात दिला. सगळा पूल शेंदरी. सकाळी बायका पाण्याला गेल्या, बघतात तर काय, नदीवर हा एवढा देव आडवा पसरलेला! आत्या घरी पळत आली, नारळ घेतला, तेल घेतलं, आणि निपाणीकडच्या तोंडाशी जो पहिला लोखंडी खांब, त्याच्यावर तेलाची धार धरली. तिच्या मागून सगळा गाव. साहेब पिसाळला. ओल्या रंगावर तेल! तू मधे पडलास.

"आत्ये, रंग हाय त्यो. डब्यातला रंग. म्या सोता लावलाय."

"तू लावलास म्हून काय झालं? मारुतीला तरी कोण लावतं रं? आभाळातनं पडतोय व्हय?"

साहेबाला तू काय सांगितलंस, कुठल्या भाषेत सांगितलंस देव जाणे, पण सगळा पूल राखी रंगात गेला आणि तो एक खांब तेवढा शेंदरी राहिला. दर उन्हाळ्यात पुलाला रंग देताना त्याला शेंदूर लावायचं काम तुझंच. हसत हसत लावायचास. "देवाचा न्हावी आलाय," म्हणायचास. पुढं त्याचा खांबाप्पा झाला, लोक त्याच्यावर हात ठेवून शपथा घ्यायला लागले. म्हशीचं भांडण असो नाही तर बांधाचं, चावडीपेक्षा तिथं लवकर मिटायचं. खांबाप्पावर हात ठेवून खोटं बोललेल्याला पूल पलीकडं जाऊ देत नाही, हे दोन्ही गावांनी ठरवूनच टाकलं. असंच खोटं बोललेल्या एकाच्या गाडीचा आस भर पुलावर मोडला, तेव्हापासून तर कुणाला शंकाच उरली नाही. "आसाला वंगण न्हवतं, म्हून मोडला," असं तू चारचौघांत म्हणालास आणि आत्यानं तुझ्या कानफटात दिली. आठवतं?

पूल झाला म्हणून मला पलीकडं दिली. आपले आप्पा पोरीला नदीपार द्यायला तयार नव्हते. तूच म्हणालास, "आता काय, पुलावरनं चार पावलं. पंचमीला मी सोता आणाय जाईन, कितीबी पाणी असू दे." आणि पुढची सगळी वर्षं आलास. माझं घर पूल उतरलं की पहिलंच. पुलावरच्या फळ्या वाजायला लागल्या की पावलांवरून मला कळायचं. पुलाचा मुकादम झाल्यावर तर तू रोजच दिसायचास, हातोडीनं रिबीट ठोकत, कान देऊन ऐकत. पण पंचमीचा तू वेगळा. डोक्याला लाल पटका, अंगात धुतलेला सदरा, पायरीवर उभा राहून मोठ्यानं हाक, "किष्णे, आवरलं का न्हाय?"

आता त्या वर्षाकडं येते. तू मुद्दाम टाळलंस तसं मी टाळणार नाही.

बेचाळीसचा श्रावण. गावोगावी तारा तुटत होत्या, चावड्या जळत होत्या. आमचे धनी त्यात होते, हे तुलाही माहीत होतं आणि तू आपला "पावणं कुठं हाईत?" असं कधी विचारायचासच नाहीस. मी पंचमीला आले, झोका झाला, फेर झाला, आणि रात्रीची भाकरी थापताना मीच विषय काढला. बेळगावहून निपाणीकडं पोलिसांच्या लॉऱ्या जाणार होत्या. पूल नसता तर त्या अडल्या असत्या, एवढंच बोलले. तुझा घास हातात राहिला.

"तारा तोडा, कागदं जाळा. मी आडवा येतोय व्हय? पर फळीला हात लावायचा न्हाय."

"पूल सरकारचा हाय, अण्णा."

"तू काल कशावरनं आलीस गं?"

"पुलाच्या पाटीवर नाव कुणाचं हाय?"

"पाटी काढून न्या की खुशाल! चुलीत घाला. फळी ऱ्हाऊ द्या."

आणि मग आईचं सांगितलंस. तोवर मला एवढंच माहीत होतं की मी पाळण्यात असताना आईला पान लागलं, साप चावला, आणि ती गेली. उतारा देणारा माणूस पलीकडच्या काठाला होता हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. गुऱ्हाळावरची गुळाची काहिल आणली, तिच्यात आईला निजवली, तिचं डोकं तुझ्या मांडीवर. काहिल पाण्यात भोवऱ्यासारखी फिरली आणि ह्याच काठाला परत लागली. पुन्हा सोडली, पुन्हा परत. पुढं सोडायची गरजच उरली नाही. तू हे सांगताना ताटाकडं बघत होतास. वैनी तव्यावरची भाकरी उलटायची विसरली.

मी काय म्हणाले ते तू विसरला नसशील. "आई गेली तवाबी सरकार त्यांचंच व्हतं. तवा का न्हाय बांधला पूल? तंबाखूच्या गाड्या वाढल्या तवाच बरा बांधला!"

तू हात धुऊन उठलास. मला अजून वाटतं माझं बरोबर होतं. तुझंही बरोबर होतं, हे आता म्हणते. तेव्हा म्हटलं असतं तर माझी जीभ झडली असती का? पण नाही म्हटलं.

पोचवायला तूच आलास. लाह्या आणि तंबिटाच्या लाडवांची टोपली तुझ्या डोक्यावर, मी मागं. अर्ध्या पुलावर तू टोपली सारखी केलीस आणि म्हणालास, "जड लागतीया गं." मी म्हणाले, "लाह्या सादळल्यात." लाह्यांच्या तळाशी तुझा पुलाचा मोठा पाना होता. खुंटीवरून मीच काढला होता. ह्याची लाज मला तेव्हा नव्हती, आजही नाही. पण अण्णा, आयुष्यभर लोखंड उचललेल्या माणसाला टोपलीतलं लोखंड कळलं नाही, हे मी कसं मानू? माझ्या पायरीवर टोपली उतरवलीस, अलगद, दोन्ही हातांनी. लाह्यांची टोपली कुणी अशी उतरवतं का? हे विचारायचं होतं मला तुला. पाच वर्षं ह्या एका प्रश्नावर मी जळत होते.

लॉरीचा दिवस आला. भर दुपार, पण पावसानं अंधारून आलेलं, पुलावर चिटपाखरू नाही. धनी आणि त्यांचे दोघे सोबती गेले, मधल्या गाळ्यावरच्या फळ्यांचे बोल्ट सोडवले, फळ्या पाण्यात, पाना पाण्यात, आणि तिघं परत येऊन आमच्या सोप्यात दाराआड उभे. लॉरी थांबवायची, परत फिरवायची, एवढंच ठरलं होतं. निदान मला एवढंच सांगितलं होतं. मी अंगणात. नदीचा आवाज असा की शेजारी बोललेलं कळू नये. आणि निपाणीकडून घोंगड्याची खोळ घेतलेला एक माणूस पुलावर आला. चालण्यावरूनच ओळखलं.

मोकळ्या गाळ्यापाशी येऊन तू थांबलास. वाकून खाली बघितलंस. मागं वळून तुझ्या गँगमधल्या माणसाला हात केलास, त्या तोंडाला थांब म्हणून. मला वाटलं, आता परत जाईल. आणि तू खोळ टाकलीस, आणि खालच्या लोखंडी तुळईवर पाय दिलास. चार बोटं रुंदीची ती तुळई, पावसानं निसरडी, खाली हिरण्यकेशी. कैचीच्या तिरक्या पट्ट्या धरत तू एकेक पाऊल टाकत होतास आणि मी ओरडतही नव्हते, कारण ओरडले तर तू वर बघशील. तोंडात पदर कोंबून उभी राहिले. तेव्हा मला फक्त एवढं कळत होतं की हा पडला तर माझ्या हातानं पडला.

तू अलीकडं उतरलास. माझ्याकडं बघितलंस, आणि बघितलंच नाही असं करून रस्त्यावर जाऊन उभा राहिलास. डोक्यावरचा लाल पटका सोडलास आणि दोन्ही हातांनी फडकवायला लागलास. आधी एक बैलगाडी आली, बाजाराला निघालेली, आत बायका, मांडीवर पोरं. ती थांबली. वरून ताडपत्री, पुढं पाऊस. गाडीवानाला तो गाळा दिसलाच नसता, अण्णा. तिच्या मागून लॉरी आली, जोरात. आणि सोप्यातून दाराआडून माझे धनी दात खाऊन म्हणाले, "कोण त्यो? सरक म्हणावं! पडू दे की!"

पडू दे. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाच्या तोंडून मी ते ऐकलं. मागं वळून त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी नजर खाली घातली. त्या बैलगाडीचं त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. ते वाईट माणूस नाहीत, तुला ठाऊक आहे. पण त्या घटकेला मी माझ्या नवऱ्याच्याही बाजूची नव्हते आणि तुझ्याही नाही. लॉरी तुझ्यापासून हाताच्या अंतरावर थांबली. तू तेव्हाही सरकला नव्हतास.

धनी मागच्या दारानं गेले ते जांबोटीच्या रानात. इकडं चौकशी. बोल्ट तोडलेले नाहीत, सोडवलेले, म्हणजे पाना आणला कुणी तरी. मुकादमाचा पाना दाखव. नाही. कुठं गेला? दोन दिवस तुला चावडीवर बसवून ठेवलं. शेवटी तिथला जमादार, तो आपल्याच भागातला, म्हणाला, ह्याला मारून काय उपयोग नाही, ह्याला खांबाप्पाकडं न्या. दोन्ही काठांची माणसं गोळा झाली. मीही आले, गाळ्यावर तात्पुरत्या टाकलेल्या फळ्यांवरून, बायकांच्या मागं लपून. जमादार म्हणाला, "हात ठेव. पाना कुणी न्हेला, फळ्या कुणी काढल्या, सांग."

तू हात ठेवलास. तो डागवाला हात. "मला म्हाईत न्हाय."

"पुन्यांदा."

"मला म्हाईत न्हाय. खांबाप्पाची आन."

जमादारानं मान हलवली. पुलावर पोट भरणारा माणूस खांबाप्पावर खोटं बोलेल, हे त्याच्या मनात येणंच शक्य नव्हतं. सगळे पांगले. आणि मी, काय सांगू, मनातल्या मनात हसले. म्हटलं, बरं झालं आपल्या अण्णाला तो नुसता डब्यातला रंग वाटतो. दुसरा असता तर अडकलो असतो.

हीच माझी समजूत, अण्णा. तू बोलायचास तसाच तू आहेस, असं धरून चालले मी.

महिन्याभरात तू मुकादमी सोडलीस. गुडघे गेले म्हणून सांगितलंस आणि निपाणीला तंबाखूच्या वखारीत जायला लागलास. मी मनात म्हटलं, पुलाला हात लावला म्हणून आमच्यावर डूख धरलाय. पुढची पंचमी आली. मी पहाटेच न्हाऊन तयार. फळ्या वाजल्या, पण पावलं तुझी नव्हती. वखारीतला गडी आला होता, मारुती. "मुकादमानी पाठवलंय. चला." अंगाचा तिळपापड झाला माझ्या.

"मुराळी म्हून गडी? मी काय तंबाखूचं बोचकं हाय? जा, सांग जा त्याला, माझा भाऊ जिता हाय. त्यो आला तरच येईन."

गडी बिचारा टोपली ठेवून पळाला. पुढच्या वर्षी पुन्हा तोच, पुन्हा माझं तेच. तू येईनास, मी येईना. मधे काय होतं? चार पावलांचा पूल. तू बांधलेला. धुणं धुताना पलीकडच्या तोंडाशी खांबाजवळ लाल पटका दिसायचा. तू उभा असायचास, बघायचास, आणि परत फिरायचास. मी धुणं आणखी जोरात आपटायची, तुला ऐकू जावं म्हणून.

धनी परत आले. त्यांनी दोनदा म्हटलं, मी जाऊन पाया पडतो त्यांच्या. मी जाऊ दिलं नाही. मोठा तो, त्यानं यावं. मग आमच्या शांतीचं लग्न निघालं. मी स्वतः अक्षत पाठवली, म्हटलं आता तरी. मांडवात भटजी ओरडला, "मामा कुठाय मुलीचा? मामाला बोलवा!" आणि मामा नव्हता. वैनी आली होती, तुझ्याकडचं लुगडं घेऊन, तोंड चोरून. शांतीच्या मागं चुलत मामा उभा राहिला. पोर अंतरपाटाआडून सारखी पुलाकडं बघत होती. त्या दिवशी मी वैनीला म्हणाले, सगळ्यांदेखत म्हणाले, "सांग जा त्याला, माझा भाऊ वारला." ती नुसती माझ्याकडं बघत राहिली, काहीतरी ओठांपर्यंत येऊन गिळावं तशी.

यंदा झेंडा लागला. चावडीवर पेढे वाटले, पुलाला आंब्याच्या डहाळ्या बांधल्या. पंचमी तोंडावर आलेली. मी धन्यांना म्हणाले, "ह्या वर्षी त्यो येतोय बघा." का म्हणाले ठाऊक नाही. घर सारवलं, तांब्या घासून ठेवला.

आणि वर्दी आली ती तू गेल्याची. वखारीतून आलास, छातीवर हात ठेवलास, आणि संपलास.

मुराळ्याची वाट न बघता धावत आले मी, अनवाणी. वैनीनं मला बघितलं आणि हंबरडा फोडून दोरीकडं बोट केलं. दोरीवर तुझा लाल पटका धुऊन वाळत घातलेला. "पंचमीसाठी धुतलाय गं त्यांनी. काल सोताच्या हातानं."

मग तिनं सगळं सांगितलं. शपथ घेऊन घरी आलास ती रात्र तू जेवला नाहीस. दुसऱ्या दिवशी पुलावर कामाला गेलास आणि खांबापासूनच परत फिरलास. ती म्हणाली, अवो, तुम्हीच तर म्हणता रंग हाय म्हून. तू म्हणालास, "रंगच हाय. पर म्या हात ठिवला न्हवं?" दर पंचमीला पटका बांधून निघायचास. खांबाशी उभा राहायचास. एकदा तर पाऊल उचलून फळीवर ठेवलंस आणि मागं घेतलंस. शांतीच्या लग्नाचा ताशा वाजत होता तेव्हा अक्षता मुठीत धरून तिथंच उभा होतास, आणि ताशा थांबल्यावर त्या खांबावरच टाकल्यास. मला का नाही सांगितलं, म्हणून मी वैनीच्या अंगावर धावून गेले. ती म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू गप बसली असतीस? पावण्यांना धरून न्हेलं असतं."

बसले नसते मी गप. खरंच आहे. तुला ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

आणि आता सरकार गेलं म्हणून तू तिला म्हणाला होतास, "आता खरं बोलाय हरकत न्हाय. पंचमीला खांबापाशी चार माणसांत बोलतो, मन मोकळं करतो, आन मग किष्णीला आणाय जातो."

अरे, मग चार दिवस थांबायचं होतंस की रे! इतकी वर्षं कळ काढलीस, आणि चार दिवस निघाले नाहीत तुझ्याच्यानं?

पाऊस लागून राहिला होता. आपल्या काठाची मसणवट पाण्याखाली, म्हणून तुला पलीकडच्या उंच काठावर न्यायचं ठरलं. वाटेत विसावा करतात तो खांबाप्पापाशीच केला. तुला खाली टेकवलं. पुन्हा उचलायची वेळ आली आणि म्हातारा पाटील पुढं झाला. "थांबा. ह्यो माणूस त्या दिसापास्नं पुलावर चढला न्हाय. आमी काय आंधळं न्हाय. काय असंल ते असंल, पर त्याला आपुन जबरीनं पलीकडं न्हेऊ नये. हितंच काठाला बघा कुठं कोरडी जागा." कोरडी जागा कुठं होती? पाणी रस्त्याला लागलेलं. चिखलात ठेवणार होते तुला, अण्णा, त्या काठाला, जिथं आईची काहिल परत परत येऊन लागली होती. कुणी उचलेना.

मी बायकांतून बाहेर आले. पदर खोचला आणि खांबाप्पावर हात ठेवला. पावसानं शेंदूर ओला झालेला, सगळा तळवा भरला.

"ऐका," मी म्हणाले. "पाना म्या न्हेला. लाह्यांच्या टोपलीतनं. माझ्या भावाला म्हाईत व्हतं. माझ्यासाठी खोटं बोलला त्यो. ते खोटं माझं हाय, त्याचं न्हाय. आन आता म्या खरं बोललीया. कुणाला काय म्हणायचं हाय?"

धनी तुझ्या उजव्या खांद्याला होते. ते वर न बघता म्हणाले, "फळ्या म्या काढल्या, पाटील. मला उचलू द्या."

पाटलानं खांबाकडं बघितलं. मग त्यानं स्वतःचा फेटा सारखा केला आणि म्हणाला, "उचला."

बायकांनी तिथून मागं फिरायचं असतं. मी फिरले नाही. तुझ्या पुढून धावत सुटले, पुलावरून, मागं फळ्या वाजायला लागलेल्या ऐकत. चौघांची पावलं होती, पण मला वेगळं काही ऐकू येत नव्हतं. घरात शिरले, घासून ठेवलेला तांब्या भरला आणि रस्त्यावर येऊन उभी राहिले. तू माझ्या दारावरून निघालास तेव्हा त्यांच्या पावलांपुढं पाण्याची धार धरली. हात शेंदरानं माखलेला, पाणी लाल होऊन वाहिलं.

शेजारीण पुढं धावली, माझा हात धरला. "किष्णाक्का, आगं काय करतीस ह्ये?"

"सोड," मी म्हणाले. "मुराळी आलाय माझा. पाय धुवाय नगंत व्हय त्याचं?"